अकरा पोस्टकार्डांची झीज

आमच्या वरच्या मजल्यावरचे नांदुरकर भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी दाराबाहेरच्या चपला उलट्या करून बघतात. चोर समजू नका, ते फक्त तळवे बघतात. मग आत येऊन, पाणी पिऊन सांगतात, "वहिनी, तुमची उजवी टाच बाहेरून झिजतेय. गुडघा सांभाळा." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आठवडाभर सरळ चालायचा प्रयत्न करत होते. त्या नादात डावा गुडघाही दुखायला लागला.

माणसाने पस्तीस वर्षं भूगर्भ खात्यात डोंगर बघण्यात काढली, त्याला आता गाझियाबादेत बघायला उरलं काय, तर आमच्या चपला. "कसं काय भाऊजी?" विचारलं की एकच उत्तर, "झीज चालू आहे." लग्न असो, बारसं असो, लिफ्टमध्ये अर्धा तास अडकलेले असोत.

नव्वदनंतर इकडे नव्या सोसायट्या उठायला लागल्या, तेव्हा आम्ही पहाडगंजची भाड्याची जागा सोडून आलो. हक्काचं घर, ओट्यावर काळा ग्रॅनाइट, टीव्हीला केबल. मी इतकी फुगले होते की करोल बागेतून खास पिस्ता रंगाचे पडदे आणून भिंतींनाही तोच रंग दिला. वास्तुशांतीला भाऊजी आले. भटजी होम पेटवतायत आणि हे भिंतीला बोट लावून ते बोट चाखतायत. म्हणाले, "खारट आहे. विटेत मीठ आहे. लोणा लागणार."

मी सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हळूच विचारलं, "हे घरीही असंच करतात?"

"घरी चमचा तरी वापरतात," त्या म्हणाल्या.

पावसाळ्यानंतर माझ्या पिस्ता भिंतीला पोपडे आले. हात लावला की पापडासारखा तुकडा हातात. मी तिथे कॅलेंडर लावलं. पुढच्या वर्षी मोठं कॅलेंडर लावलं.

तीच गत सोसायटीच्या गेटची. आमचे सेक्रेटरी शर्माजी गेटचे लाल दगडी खांब रोज बोअरिंगच्या खाऱ्या पाण्याने धुवायला लावायचे. भाऊजी त्यांना म्हणाले, "शर्माजी, आप पत्थर को नमक खिला रहे हो. एक दिन पेट फटेगा." दोन वर्षांत खांबांचे पदर सुटायला लागले, आणि शर्माजींनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की नांदुरकरसाहब की नज़र लगी है. भाऊजी बोटं मोजत मला म्हणाले, "ऊन, पाणी, मूळ आणि मीठ. या चौघांनी सह्याद्री खाल्ला वहिनी, शर्माजींचं गेट काय घेऊन बसलात."

आता माझं सांगते. मला स्वच्छतेचा आजार आहे. धुळीची आंधी येऊन गेली की मी दिवसातून तीनदा बाल्कनी झाडते. एकदा भाऊजी वरून बघत होते. म्हणाले, "ती धूळ नाही, वहिनी. तो अरवलीचा डोंगर आहे. तुम्ही रोज थोडा थोडा डोंगर झाडताय." आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत माझ्या झाडण्याचं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी चौथ्यांदा झाडलं.

सुमनवहिनींकडे मिक्सर होता, मुलाने मोठ्या हौसेने घेऊन दिलेला. पण चटणी पाट्यावरच. काळ्या दगडाचा पाटा, लग्नातला. वहिनी डावखुऱ्या, त्यामुळे वरवंट्याचा सगळा भार डावीकडे, आणि पाट्याला डावीकडे खोलगा पडलेला. भाऊजी दर महिन्याच्या एक तारखेला पाट्यावर आडवी पट्टी ठेवत आणि खालून जुनी पोस्टकार्डं एकावर एक सरकवत. किती मावली, तेवढी झीज. मी एकदा मोजणीच्या वेळी येऊन बसले, तेव्हा आकडा होता अकरा.

"एवढा दगड गेला कुठे?" मी विचारलं.

"जातोय कुठे," वहिनी वाटता वाटता म्हणाल्या. "चटणीतून ह्यांच्या पोटात. अर्धा पाटा ह्यांनीच खाल्लाय."

आम्ही राहायला आलो त्यानंतरच्या तिसऱ्या थंडीत सुमनवहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. भाऊजींची झीज चालू राहिली, तळवे बघणं चालू राहिलं. आम्ही म्हटलं, घट्ट आहे माणूस.

वर्षश्राद्धाला ते मुलाकडे नाशिकला गेले आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. आता, तुळशीला पाणी घालून गप्प घरी येणाऱ्या बायका जगात असतील. मी त्यातली नाही. मी ओटा पुसला, डबे पुसले, मग कोपऱ्यातला पाटा पुसला. मनात आलं, भाऊजी येतील त्या दिवशी वहिनींची ती लसूण-खोबऱ्याची चटणी त्यांच्याच पाट्यावर वाटावी. करून बघितली, तर पाटा आरशासारखा गुळगुळीत, लसूण नुसती घसरतेय. आणि तेवढ्यात खालून हाक आली, "सिल-बट्टा टँकवा लो..." मला तो देवाचा कौलच वाटला.

टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने ठोकून पाटा खरबरीत करून देणारा, वर आला. पाटा बघून म्हणाला, "माताजी, इसमें तो एक तरफ़ गड्ढा है. बराबर कर दूँ?"

मी म्हटलं, "बिल्कुल. एकदम प्लेन."

तासभर ठोकाठोक चालली. पडलेली काळी भुकटी मी झाडून तुळशीच्या कुंडीत टाकली, पाटा धुतला, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की ह्यांना बोलावून दाखवला. हे म्हणाले, "विचारलं होतंस का त्यांना?" मी म्हटलं, चांगल्या कामाला काय विचारायचं.

भाऊजी आले ती नेमकी एक तारीख. मी चटणीची वाटी घेऊन हजर. त्यांनी पिशवी ठेवली, पट्टी काढली, पाट्यावर ठेवली. पोस्टकार्ड सरकवलं. जाईना. बाजू बदलली. जाईना.

"कुणी केलं?"

"मीच," मी म्हटलं, आणि तेही हसत. "आता मोजायची कटकट नको."

ते स्टुलावर बसले. "अकरा होती, वहिनी," एवढंच म्हणाले. हातातली पोस्टकार्डं मांडीवर पडली, आणि ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. कोरी नव्हती. मागे झुकलेलं, डावखुरं अक्षर. "इकडे सर्व ठीक. स्वेटर पाठवला आहे. डोंगरावर कानाला रुमाल बांधत जा."

तीस वर्षांच्या हाताची खूण मी एका सकाळी प्लेन करून घेतली होती.

त्यांनी कार्डं गोळा केली आणि विचारलं, "भुकटी कुठे गेली?"

"तुळशीत."

ते बाल्कनीत गेले, कुंडीतली माती बोटांनी चाचपली. "मग ठीक आहे. दगडाला शेवटी तिथेच जायचं असतं." आत येऊन त्यांनी वाटी ओढली आणि पोळीला चटणी लावली. पहिल्या घासालाच कचकन आवाज आला. तेव्हा मला आठवलं, नवी टाकी लावली की पाट्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून फेकायचे असतात. तेही मी विसरले होते.

"भाऊजी, राहू द्या. दगड आलाय त्यात."

"असू दे," ते म्हणाले. "सवय आहे." आणि वाटी पुसून खाल्ली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी वर जाऊन त्या पाट्यावर चटणी वाटते. ते समोर बसतात. "तुम्ही उजव्या हाताच्या. खोलगा आता उजवीकडे पडणार," असं पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी विचारलं होतं, अकरा व्हायला किती वर्षं? म्हणाले, तीस. मी तेव्हा एकसष्टची होते.

गेल्या एक तारखेला त्यांनी पट्टी ठेवली. एक पोस्टकार्ड, उजवीकडून, कसंबसं आत गेलं.

"कसं काय, भाऊजी?" मी विचारलं.

त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि पट्टी उचलून पाटा माझ्याकडे सरकवला. मग मीच म्हटलं, "झीज चालू आहे," आणि वरवंटा पुढे ढकलला.