नळीचं तोंड

प्राध्यापकांनी एसी घेतला तो चाकांवरचा. त्याच्या पाठीला हत्तीच्या सोंडेएवढी जाड नळी. खोलीतली गरमी त्या नळीतून बाहेर फेकायची. बाहेर म्हणजे खिडकीबाहेर, हे दुकानदाराने सांगितलं होतं, खोक्यावर चित्रही होतं. पण प्राध्यापक कॉलेजात उष्णतेची यंत्रं शिकवत. दुकानदाराचं ऐकतील तर प्राध्यापक कसले?

झोपायच्या खोलीची खिडकी त्यांनी आदल्याच आठवड्यात पुठ्ठा, थर्माकोल आणि चिकटपट्टी लावून ठार बंद केली होती. तिला आता भोक पाडायचं? कार्यक्षमता घसरली असती! त्यांनी नळी दारातून हॉलमध्ये सोडली आणि उरलेल्या फटीत उशी कोंबली.

"अहो, गरम हवा घरातच येतेय की!" त्यांची बायको हॉलमधून ओरडली.

"खोलीबाहेर येतेय. आपली यंत्रणा म्हणजे ही खोली. बाकी सगळा परिसर."

त्या परिसरात त्यांची आई भाजी निवडत बसली होती. नळीचं तोंड बरोबर तिच्या तोंडासमोर. स्वतःची गरमी ओतायला जागा शोधणाऱ्या शहाण्याला आधी घरातल्या बायकाच सापडतात. त्यांना तो परिसर म्हणतो, म्हणजे नाव घ्यावं लागत नाही.

आईने टेबलफॅन ओढला आणि ती हवा वळवली. वळली ती सरळ स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघरात धाकटी सून चॉकलेटं साच्यातून काढत होती. एका हॉटेलाने पहिल्यांदाच नमुने मागवले होते. चार वाजता त्यांचा माणूस येणार होता. पसंत पडली तर उन्हाळाभराचं काम. नाही पडली तर 'घरी बसून चाळे करते' हे ऐकत बसायचं, आणि तेही उन्हाळाभर.

"आई, हे गुलाब बघा! यांचे बटाटे व्हायला लागलेत!"

"फ्रिज उघड. जरा गार होईल."

फ्रिज सताड उघडला. आईने त्याच्यासमोर खुर्चीच टाकली. थोड्या वेळाने प्राध्यापक पाण्याची बाटली घ्यायला आले आणि जागच्या जागी किंचाळले.

"बंद करा! उघड्या फ्रिजने खोली गार होत नाही! आतली गरमी मागच्या जाळीतून इथेच येते, वर मोटरची वेगळी! एवढंसुद्धा कळत नाही?"

"अस्सं?" आई म्हणाली. "मग तुझं यंत्र वेगळं काय करतंय रे?"

"माझ्या यंत्राचं मागचं तोंड खोलीबाहेर आहे!"

"माझ्या थोबाडावर आहे ते, मेल्या!"

"मग नळी हॉलच्या खिडकीत न्या ना, भाऊजी," धाकटी रडवेली झाली होती.

"तेवढी लांब नाही."

धाकटीने घड्याळ बघितलं, मग हातातला चपटा गुलाब बघितला. तिने ट्रे उचलले आणि प्राध्यापकांच्या पलंगावर नेऊन मांडले. पलंग संपल्यावर त्यांच्या टेबलावर. उत्तरपत्रिका जमिनीवर. मागोमाग बायको आणि आईही आत शिरल्या.

"अगं, ही माझी खोली आहे!"

"तुम्हीच म्हणता ना, एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा? मग बाहेर व्हा. तेवढीच गरमी कमी."

"आणि तुम्ही तिघी?"

"मी चॉकलेटांना कागद गुंडाळतेय," बायको म्हणाली.

"माझा दिवा जुना," आई पलंगाच्या कडेला टेकत म्हणाली. "उजेड पडत नाही, गरमीही होत नाही."

हॉटेलचा माणूस चारच्या आधीच आला. हॉलमध्ये नळीची झुळूक लागताच त्याचा चेहरा असा झाला, की धाकटीने मनातल्या मनात धंदा गुंडाळला. तिने त्याला घाईघाईने खोलीत घेतलं. तो थांबला, डोळे मिटले, ट्रे सांभाळत पलंगाच्या कडेला टेकला. एक चॉकलेट खाल्लं. दुसरं खाल्लं. उठायचं काही नाव नाही.

"वस्तू चांगली आहे," तो म्हणाला. "पण खरं सांगू? उन्हाळ्यात माल नासतो तो साठवणीत. मालासाठी वेगळी थंड खोली राखणारं घर आजवर बघितलं नव्हतं. दर आठवड्याला द्याल? पावसाळ्यापर्यंत?"

"देऊ की!" आईने परस्पर सांगून टाकलं.

"फक्त एक अट. ही खोली दुसऱ्या कशाला वापरायची नाही. माणसांचा वावर चालणार नाही मला."

"छे, छे! इथे कोण येतंय?" बायको म्हणाली.

हॉलमध्ये जमिनीवर, पाठीवर नळीची गरम हवा घेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकांनी हे सगळं ऐकलं. ते ताडकन उठले, दार ढकललं आणि घामेजलेलं डोकं आत घातलं.

"एक मिनिट! ही खोली..."

"अहो, दार!" चौघेही एकदम ओरडले.