हरिदासभाऊ उपाशीपोटी

पिपरी मेघेतल्या आपल्या घरी हरिदासभाऊ सकाळीच डाव्या हाताची बाही वर करून सोफ्यावर बसले होते. पोट रात्रीपासून रिकामं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान वाटत होता. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाली, पण कुठल्याही तपासणीची इतकी कसून तयारी त्यांनी केली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल वाढल्याचं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "तळण बंद, तर्री बंद, मटण बंद. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी खा. रोज फिरा. मग उपाशीपोटी रक्त तपासू. उतरलं तर ठीक, नाही तर गोळी सुरू करू." गोळीचं हरिदासभाऊंना भय नव्हतं. भय होतं ते तानाबाईंचं. त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच निकाल दिला होता, "रिपोर्ट चांगला आला तरच रोहन्याले भाजीले हात लावाचा. नाई त यंदा गंज दुसऱ्याच्या हाती."

रोहणा हे तानाबाईंचं माहेर. तिथे त्यांचे थोरले भाऊ भैय्याजी दर हिवाळ्यात शेतात रोडग्यांची पंगत घालत. गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले गव्हाचे रोडगे आणि सोबत मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून वांग्याची भाजी. ती भाजी हरिदासभाऊंची. गावचा जावई असून पंगतीत ते आचारी होते आणि ही नेमणूक त्यांना नोकरीतल्या बढतीपेक्षा मोलाची वाटे. त्यांच्या भाजीवर तर्रीचा असा लाल थर चढे की वांगी खाली आहेत हे विश्वासावर मानावं लागे. पंगत येत्या रविवारी होती. त्याआधी रिपोर्ट हवा होता.

बेल वाजली. खांद्याला खोका अडकवलेली लॅबची मुलगी आत आली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून म्हणाली, "जयभीम काका. मी आकांक्षा. रक्त घ्याले आली."

तानाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चौकशी केल्याशिवाय त्या कोणाला घरात सुईसुद्धा टोचू देत नसत.

"कुठची वं तू, बाई?"

"हिंगणघाटची, मावशी. पयल्या गाडीनं आली."

"म्हंजे पोटात काई नाई?"

"चहाबी नाई."

"अन् माय कुठची तुही?"

"आईचं माहेर रोहना. शकुंतला नाव."

"शाळेमागची शकी?" तानाबाईंचा आवाज शेजारपर्यंत गेला. "अवं, शकी अन् मी एका बाकावर बसत होतो! मंग त तू माही भाची झाली!"

माहेरच्या गावची भाची दारात आणि तीही उपाशी. हे तानाबाईंना पाहवेना. मुलगा रुपेशनं स्वतःसाठी आणि सून मोनालीसाठी टपरीवरून तर्रीपोहे आणलेच होते. वर चण्याची तर्री घालून बशी आकांक्षाच्या पुढ्यात आली. पण ती हात लावेना.

"मी एकटी कशी खाऊ, मावशी? काका बसले आहेत समोर. आमच्या घरी मोठ्या मानसाच्या आधी घास उचलत नाई."

"बरोबर आहे पोरीचं," तानाबाई म्हणाल्या. पाहुण्याला एकटं जेवू घालणं त्यांच्याही सात पिढ्यांत झालं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हरिदासभाऊंनी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. पोह्यांचा वास त्यांच्या बाजूने बोलत होता.

"पोरीच्या मनासाठी दोन घास घेतो," ते हुतात्म्याच्या सुरात म्हणाले.

दोन घासांत पहिली बशी संपली. दुसरी त्यांनी आकांक्षाला संकोच वाटू नये म्हणून घेतली. मग सगळ्यांनी हात धुतले, आकांक्षानं हरिदासभाऊंच्या दंडाला रबर बांधलं आणि सवयीनं विचारलं, "काका, रात्रीपासून काई खाल्लं त नाई ना?"

हरिदासभाऊंनी रिकाम्या बशीकडे पाहिलं.

"रात्री काई नाई खाल्लं," हरिदासभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "सकाळचं विचारून राह्यली असशील त तू समोरच होती."

आकांक्षानं कपाळावर हात मारला. "बापा रे! माह्यासमोर खाल्लं अन् मलेच सुचलं नाई! उद्या येतो जी. काईच खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी ती आली ती डबा घेऊन. आत शेंगदाण्याचे लाडू होते. "आईनं पाठवले. तिनं मले बजावलं, मावशीनं अन् काकानं तुह्या डोळ्यासमोर तोंडात टाकल्याशिवाय डबा वापस आनू नको. इतक्या वर्षांनी पत्ता लागला म्हने तानीचा."

"रक्त काढल्यावर खातो ना," हरिदासभाऊ म्हणाले. या वेळी त्यांनी खरोखर निग्रह केला होता. पण तानाबाईंनी लाडू फोडला होता, पहिल्याच घासाला शकीच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरून आले होते आणि अर्धा लाडू त्यांनी भावनेच्या भरात जवळच्या तोंडात कोंबला होता. जवळचं तोंड हरिदासभाऊंचं होतं.

"थुका!" आकांक्षा ओरडली.

"शकीचा लाडू थुकते?" तानाबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या.

हरिदासभाऊंनी तो गिळला. माहेरचा प्रश्न असला की ते वाद घालत नसत.

त्या रात्री सुनेनं सूत्रं हाती घेतली. मोनाली शाळेत शिकवत असे. "आई, उद्या तिले घरात घ्याचंच नाई. बाबा गेटबाहेर बसतील. रक्त तिथंच होईल. मी कडी लावतो."

म्हणून तिसऱ्या दिवशी हरिदासभाऊ वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे गल्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. थंडी होती, म्हणून अंगभर शाल. सुईची भीती होती, म्हणून डोळे मिटलेले. आकांक्षा वाकून रक्त घेत होती आणि बंद गेटच्या आत तानाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पाहुणी दारातूनच उपाशी परत जाणार, या दुःखानं त्यांना हुंदका फुटला होता.

नेमका तेव्हा पलीकडच्या गल्लीतला योगेंद्र फिरून येत होता. एवढं दृश्य त्याला पुरेसं होतं. जवळ जाऊन विचारण्याचा आगाऊपणा त्यानं केला नाही. मागच्या वर्षी तो पंगतीला गेला होता, त्यामुळे भैय्याजींचा नंबर त्याच्याकडे होता.

"भैय्याजी, हरिदासभाऊचं काई खरं नाई. रस्त्यावर बसवलं आहे. डोळे मिटलेले. पोरगी सुई टोचून राह्यली अन् ताई आतमधून रडून राह्यली. घरचे गेटबी उघडत नाईत जी!"

दुपारी दारात जीप थांबली. भैय्याजी, त्यांच्या पत्नी बायजावहिनी आणि मावतील तेवढे रोहणेकर खाली उतरले. बायका गेटपासूनच डोळे पुसत आत शिरल्या. आत हरिदासभाऊ ज्वारीची भाकर मोडत होते.

"जिते आहेत!" भैय्याजी म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं, पण कामधाम टाकून एवढ्या लांबून आलेल्या मंडळींची किंचित निराशाही झाली.

"मराले काय झालं मले?" हरिदासभाऊ भाकर तशीच धरून म्हणाले. "या, बसा. जेवाच आता."

खुलासा चालू असतानाच रुपेशच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. जीपभर माणसांसमोर त्यानं तो वाचला. वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच खाली आलं होतं. सगळं काही हद्दीत होतं. हरिदासभाऊ उभे राहिले. गंज त्यांचा होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फक्त बायजावहिनींनी नाही. त्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहत होत्या.

"काय केलं म्हन्ता जावाईबापूनं?"

"काई नाई वो वयनी. भाकर खाल्ली, फिरले, तर्री सोडली," तानाबाई म्हणाल्या.

"बस एवढंच?" वहिनी भैय्याजींकडे वळल्या. "मंग तुमाले काय धाड भरली? डॉक्टरनं गेल्या सालीच सांगलतं ना?"

जीपमधल्या इतर बायकांनीही आपापल्या माणसांकडे त्याच नजरेनं पाहिलं. परतीच्या वाटेवर पुरुषांनी ढाब्याकडे मानसुद्धा वळवली नाही, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता.

रविवारी हरिदासभाऊंनी सगळं मन ओतून भाजी केली. तीन महिन्यांची उपासमार त्या गंजात उतरली होती. कांदा, खोबरं, खसखस खमंग भाजलं, कोवळी काटेरी वांगी अख्खीच सोडली आणि वर तर्री अशी आली की झाडावरचे कावळे जागा बदलून बसले. रोडगे फुटले, तूप पातळ झालं, आधी पुरुषांची पंगत बसली. हरिदासभाऊ पहिल्या पत्रावळीपाशी वाढायला वाकले.

भैय्याजींनी पत्रावळीवर आडवा हात धरला. मग खिन्न चेहऱ्यानं मांडीखालून फडक्याची पुरचुंडी काढली. आत ज्वारीची भाकर होती. शेजारच्यानं काढली. त्याच्या शेजारच्यानंही काढली. सबंध पंगतीनं माना खाली घालून पुरचुंड्या सोडल्या.

"हरिदासभाऊ," भैय्याजी दबक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या रिपोर्टनं आमाले मातीत घातलं जी. घरी रोज तुमचंच नाव निंगून राह्यलं. आता बसा संगं. तुमी नाई बसले त आमाले भाकर गिळत नाई."

नाही कसं म्हणणार? हरिदासभाऊंच्या पुढ्यातही भाकर आली. एकानं विचारलं, फिरताना बूट घालावे की चप्पल. दुसऱ्यानं विचारलं, अंडं चालतं काय. हरिदासभाऊ तज्ज्ञासारखी उत्तरं देत होते, पण लक्ष चुलीकडे होतं. एवढी भाजी करायची आणि ती कोणाच्या जिभेला लागू नये, असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हाही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं. निदान झाकण तरी ठेवू म्हणून ते उठले.

चुलीवर गंज नव्हता. रोडग्यांची टोपलीही नव्हती.

गोठ्यामागून हसण्याचा आवाज येत होता. हरिदासभाऊ भिंतीला वळसा घालून गेले. तिथे रोहण्याच्या तमाम बायका गोल करून बसल्या होत्या, मध्ये गंज होता आणि त्यात आता वांग्यांचे देठच दिसत होते. बायजावहिनींनी लाजून पदर तोंडाशी नेला, पण चघळणं थांबवलं नाही. तानाबाईंच्या कोपरापर्यंत तर्रीचा ओघळ आला होता.

"अवं, हे काय चालवलं?" हरिदासभाऊ म्हणाले. "कोलेस्टेरॉल?"

"ते तुमाले आहे. आमचं कोनी रक्तच नाई काढलं," तानाबाई म्हणाल्या. "तीन महिने मीबी तुमच्या संगं बिनतर्रीचं गिळलं ना? की तुमी एकटेच होते ताटावर?"

ते खरंच होतं. घरात दोन भाज्या कधी शिजल्याच नव्हत्या आणि इतक्या दिवसांत ती गोष्ट हरिदासभाऊंच्या ध्यानातही आली नव्हती. त्यांनी खाली बसून पळी हातात घेतली, तळाशी उरलेलं एक अख्खं वांगं शोधलं आणि तानाबाईंच्या पत्रावळीवर हळूच सोडलं. मग बाकीच्या बायकांनाही रस्सा वाढला. सगळ्या जणी बोटं चाटत होत्या. ते पाहून हरिदासभाऊंना एकदम फार बरं वाटलं. गंज रिकामा होत होता.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

तानाबाईंनी वांगं मोडून घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे. पन पुढच्या सालपासून तेल जरा मोकळ्या हातानं सोडत जाजा. कंजूसपना दिसून राह्यला."