शेळी पिळून बघावी

तनुजाला कंपनीत लागून सहा महिने झाले आणि आज ती कायम होणार होती. सकाळीच इंद्रजीत सरांनी, एक कान फोनला लावूनच, तिच्या हातात कायम केल्याच्या पत्राचं बंद पाकीट दिलं. "अभिनंदन. तेवढं बाइंडिंग एकदा तपास आणि दुपारी डेअरीला पाठव."

तिचे वडील कारभारी शेळ्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून खास पडेगावच्या ऑफिसात आले होते. पाकीट कपाळाला लावून त्यांनी बंडीच्या खिशात घातलं. आधी बिरोबापुढं ठेवायचं, मगच फोडायचं.

"बाइंडिंग म्हंजी काय गं?"

"डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन एक भाषा बोलतं, आमचा कॉम्प्युटरातला पायथन दुसरी. हा मधला दुभाष्या. तो हजर होतो का नाय, ते मी रोज बघते." तिनं बटण दाबलं. हिरवी खूण आली. "झालं."

"कामाला लावलं का त्याला?"

"नाय. हजर हाय ना, बास."

कारभारींना हे काही पटेना. "बाई, शेळी घेताना मालकाला नुसतं इचारून भागतं व्हय? त्यो दूध देतीच म्हणणार. खाली बसून पिळून बघावं लागतं."

बापाचं मन राखायचं म्हणून तनुजानं दुभाष्याला फॅट वाचायला सांगितलं. स्क्रीन लालभडक झाली. तिनं बाइंडिंगचा फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता. आता या पायथनची खोड बघा, नुसता नावाचा रिकामा फोल्डर दिसला तरी तो खुशाल 'लोड झालं' म्हणतो. म्हणजे सहा महिने ही शहाणी रोज रिकाम्या गोठ्याची हजेरी घेत होती.

तिची हाक ऐकून इंद्रजीत सर धावत आले, त्यांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "फाइल टाकायची माझ्याकडूनच राहिली. घाईत नुसता फोल्डर केला मी." मग म्हणाले, "हे असंच डेअरीत गेलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती."

फाइल टाकली, फॅट वाचून बघितलं, दुपारी सगळं रवाना झालं. सरांनी कारभारींना स्वतः चहा आणून दिला.

संध्याकाळी बसची वाट बघताना कारभारींचा हात एकाएकी खिशाकडं गेला. त्यांनी सकाळचं पाकीट काढलं.

"हे बी त्याच सरानं दिलं ना? घाईत?"

"व्हय."

"बिरोबा माफ करील." त्यांनी पाकीट फोडलं, उलटं केलं, झटकलं, आत फुंकर मारून पाहिलं. काहीच पडलं नाही.

तनुजानं पाकीट उजेडाकडं धरून बघितलं.

"चल माघारी," कारभारी म्हणाले, "गडी अजून गेला नसंल."