डोईफोडे सरांचं दुसरं प्रकरण

आमच्या स्टाफरूमच्या फ्रिजमधला कुठलाही स्टीलचा डबा उघडण्याआधी हलवून बघायचा, अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे. आत काही थलथल हलल्यासारखं वाटलं, तर डबा गुपचूप जागच्या जागी ठेवायचा आणि हात धुऊन यायचं. ही पद्धत माझ्यामुळे पडली. एका गुरुवारी, उपासाच्या दिवशी, साबुदाण्याची खिचडी समजून मी जो डबा उघडला त्यात बोकडाचा अख्खा मेंदू होता. मी किंचाळले आणि डबा हातातून पडला. शेजारी बसलेले डोईफोडे सर लगबगीनं उठले. मला वाटलं, मला सावरायला उठले. ते मेंदू सावरायला उठले होते. वर्गात दाखवायला आणलेला तो मेंदू उचलून, उलटसुलट तपासून, धुऊन डब्यात नीट बसवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमी न्हाई घाबरलात. आतलं वायरिंग घाबरलं."

मी मानसशास्त्राची विभागप्रमुख आहे. विभागात आम्ही दोघंच असल्यामुळे मी प्रमुख आहे ती एकट्या डोईफोडे सरांची. कॉलेज आमचं धारूर आणि परळीच्या मधल्या एका गावात. एका खिडकीतून बालाघाटचा डोंगर दिसतो, दुसरीतून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. सर तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, आणि ती करायची की नाही हे प्राचार्य मला विचारून ठरवतात. एवढी सत्ता माझ्या हातात असूनही हा माणूस माझं काडीचं ऐकत नाही. मेंदू शिकवणाऱ्याचं आडनाव डोईफोडे असावं यावर मुलांनी पहिल्याच वर्षी सगळे विनोद करून संपवले आहेत, त्यामुळे मी त्यात भर घालत नाही.

सर उंच, सडपातळ, वय पन्नाशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही. घर मेंढपाळाचं. लहानपणी मेंढरांमागं डोंगर तुडवल्यामुळे चालणं अजून लांब ढांगा टाकत. पण गावात त्यांना लांबून ओळखतात ते हेल्मेटवरून. आमच्या भागात हेल्मेट हे पोलीस दिसल्यावर घालायचं आणि वळण गेलं की हँडलला अडकवायचं, असा रिवाज आहे. सर मात्र मोटारसायकलवरून उतरल्यावरही हेल्मेट काढत नाहीत. चहाच्या टपरीवर हेल्मेट. बाजारात मेथीची जुडी निवडताना हेल्मेट. नारायणगडावर दर्शनाला गेले तेव्हा चप्पल बाहेर काढून हेल्मेटसकट आत गेले, अशी बातमी आमच्या शिपायानं आणली होती, आणि मला ती खोटी वाटली नाही. कुणी विचारलंच तर सर म्हणतात, "डोस्कं एकच हाय. पायाला चपला घालता, मंग डोस्क्यानं काय घोडं मारलंय?"

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वायरिंग. माणसानं काहीही केलं तरी दोष माणसाचा नसतो, वायरिंगचा असतो. शिपाई दुपारी स्टुलावर झोपला, प्राचार्य संतापले, की सर मध्ये पडणार. शिपायाची झोप हे त्याच्या मेंदूच्या बुडख्याचं काम, आणि प्राचार्यांचा संताप हे त्यांच्या अमिग्डालाचं. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला बदामाएवढा एक भाग, भीती आणि राग तिथे शिजतात. प्राचार्यांना एवढंच कळलं की आपल्याला बदाम म्हटलं. एकदा सर माझ्या घरी चहाला आले आणि माझ्या सासूबाईंना शिष्या करून गेले. त्या दिवसापासून आमच्या घरी आमटीत मीठ जास्त पडलं तर कुणाचीच चूक नसते. "मी काय करू, वायरिंग," असं म्हणून सासूबाई टीव्ही लावतात.

हे सगळं मी सोसलं असतं. माझं खरं दुखणं म्हणजे दुसरं प्रकरण. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमचा जो मानसशास्त्राचा पेपर असतो, त्यातलं दुसरं प्रकरण 'वर्तनाचा जैविक आधार'. चेतापेशी, त्यांच्यातली जोडणी, मेंदूचे भाग. शहाणा शिक्षक ते पोळ्याच्या आत उरकतो. डोईफोडे सर पोळ्याला चेतापेशीपाशी असतात, दसऱ्याला चेतापेशीपाशी असतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर उजळणी म्हणून पुन्हा चेतापेशीपाशी येतात. अध्ययन, स्मृती, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व ही पुढची प्रकरणं मुलांना फक्त पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत भेटतात. मी बोलले की एकच उत्तर ठरलेलं: "पाया हाय हा, मॅडम. पाया कच्चा ठिवून वर पत्रे टाकू का?"

आणि शिकवणं तरी साधं असावं? व्हरांड्यात मुलांची रांग लावायची. प्रत्येक मूल म्हणजे एक चेतापेशी. पहिल्यानं दुसऱ्याच्या तोंडात शेंगदाणा नेम धरून टाकायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. हे संदेशाचं वहन. व्हरांडाभर शेंगदाणे आणि त्यामागे मुंग्या. त्याहून भयंकर त्यांचा दुसरा प्रयोग. शेंगदाणे टाकणं मध्येच थांबवून सर हात वर करायचे आणि सगळा वर्ग एकदम, जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडायला लागायचा. शेजारी कॉमर्सचा वर्ग, पलीकडे मी. छताचे पत्रे हादरायचे. सर हात बांधून घड्याळ बघत उभे. मग आपोआप सगळे दमायचे, शांत व्हायचे, आणि सर विचारायचे, "काय झालतं?"

मुलं एका सुरात म्हणायची, "फिट आलती, सर."

"कुणी अंगात आलतं का?"

"न्हाई, सर. सगळ्या पेशी एकदम बोलल्या."

"मंग आपण काय करायचं?"

यावर मुलं पाढे म्हणावेत तसं म्हणायची: कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं हलवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. आणि शेवटी सगळ्यांत मोठ्यानं, "चप्पल पायात घालायची, नाकाला न्हाई." कारण आमच्याकडे कुणाला फिट आली की चप्पल हुंगवतात, नाहीतर कांदा फोडून नाकाशी धरतात. हा धडा अभ्यासक्रमात कुठेही नाही. दर आठवड्याला हा गोंधळ व्हायचा आणि दर आठवड्याला कॉमर्सचे सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे.

शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाचा निकाल आमच्या विषयात आपटला होता, आणि मुलं पेपरात स्मृतीच्या प्रश्नालाही चेतापेशीची आकृती काढून आली होती. प्राचार्य म्हणाले, या वेळी सर पुढं सरकले नाहीत तर पुढच्या वर्षी त्यांचे तास दुसऱ्याला. मला त्यात गैर काही वाटलं नाही, उलट हे आधीच व्हायला हवं होतं. मी सरांना बजावलं, सोमवारी तिसरं प्रकरण सुरू करा, मी स्वतः मागच्या बाकावर येऊन बसणार आहे. "कावून, मॅडम, का म्हनून?" असं त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की मी तडक बाहेर पडले. नाहीतर माझं वायरिंग जळालं असतं.

सोमवारी मी बसले. सरांनी, फक्त वर्गात काढतात तसं, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, फळा पुसला आणि वरती मोठ्या अक्षरांत 'अध्ययन' लिहिलं. मुलं अचंब्यानं बघत राहिली. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात बाहेर धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ कुणीतरी किंचाळलं.

कॉमर्सची एक मुलगी व्हरांड्यात पडली होती. दात आवळलेले, डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते. शिपाई एका हातात चप्पल घेऊन धावत आला. कँटीनवाल्या बाईंनी कांदा आणला. "वारं आलंय, लांब व्हा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे भिंतीला चिकटले. तेव्हा आमच्या वर्गातली मुलं बाहेर पडली. एकीनं मुलीच्या डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, दोघींनी तिला कुशीवर वळवलं, कुणी बाजूचा बाक ओढून लांब नेला. एक मुलगा घड्याळ बघत मिनिटं पुकारत होता. आणि नेहमी मागच्या बाकावर झोपा काढणारा एक जण शिपायापुढं उभा राहून शांतपणे म्हणाला, "मामा, चप्पल पायात घाला."

मी डोईफोडे सरांना शोधलं. हा त्यांचा क्षण होता, माणूस आता सगळ्यांत पुढे असणार असं मला वाटलं. ते वर्गाच्या दारातच होते. खडूचा हात चौकटीवर ठेवून उभे. मुलगी शांत झाली, डोळे उघडून बघायला लागली, तरी ते जागचे हलले नाहीत.

दुपारी मुलीची आई आली. पलीकडच्या तांड्याजवळच्या वस्तीवरची, शेतातून तशीच निघून आलेली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पोरीचा हात धरला आणि मला एवढंच म्हणाली की हे गावात कुणाला सांगू नका, पोरीचं लग्न ठरायचंय, उद्यापासून मी तिला पाठवत नाही. मी नेहमीची पुस्तकी समजूत घालायला लागले. बाई ऐकत नव्हती. मग डोईफोडे सर आले आणि तिच्यासमोर पायरीवर बसले. मला वाटलं, आता चेतापेशी. पण त्यांनी चेतापेशीचं नावही काढलं नाही.

"मावशी," ते म्हणाले, "आमची मेंढरं व्हती. एक बार एक मेंढी नुसती गोल गोल फिराया लागली. बापानं तिचं डोस्कं चाचपलं, म्हनला आत पाण्याचा फोड झालाय. तिला कुणी देवऋष्याकडं न्हेलं न्हाई, तिला दवा केली. त्याच साली माझी थोरली आक्का चुलीपशी पडली, हातपाय झाडाया लागली. तिचं डोस्कं कुणी चाचपलं न्हाई, मावशी. तिच्या अंगात कोण आलंय ते इचारलं, अन् कपाळावर डाग दिला. मेंढीचं जेवढं कळत व्हतं आमाला, तेवढं आक्काचं न्हाई कळलं."

बाईनं विचारलं, "मेंढी जगली का?"

"जगली. आक्का बी जगली," सर म्हणाले. "पर शाळंतनं काढली तिला. ती घरातच ऱ्हायली."

त्या आईनं पोरीचा हात सोडला नाही, पण दुसऱ्या दिवशी ती तिला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेली, आणि पुढच्या आठवड्यात मुलगी कॉलेजात दिसली.

प्राचार्यांना मी सांगितलं की सरांचे तास राहू द्या. उरलेली सगळी प्रकरणं मी सकाळी जादा तास घेऊन शिकवते. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्हाला काय झालं? मी वायरिंग म्हणणार होते, जीभ चावली. सकाळी सातला स्मृती शिकवायला उठताना मी डोईफोडे सरांना मनातल्या मनात जे काही म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही बातमी सांगायला मी त्यांच्या घरी गेले. गावाबाहेर पत्र्याचं घर, अंगणात दोन शेळ्या. दारात साठीच्या पुढची एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मला पाहिल्याबरोबर तिनं पदर ओढून कपाळ झाकलं आणि सूप घेऊन आत निघाली. सर घाईघाईनं बाहेर आले. "आक्का, थांब," ते म्हणाले. "मॅडम हायत. त्यांना वायरिंग ठावं हाय."

आक्का थबकल्या. माझ्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं आणि मग पदर हळूच मागं सोडला. कपाळाच्या मधोमध बंद्या रुपयाएवढा डाग होता. तिथे बघत राहणं बरं दिसेना, म्हणून मी इकडेतिकडे बघू लागले. दाराशेजारच्या खुंटीवर एक हेल्मेट टांगलेलं होतं, जुनं, कडा झिजलेलं. सरांचं तर त्यांच्या डोक्यावरच होतं.

"माझं हाय त्ये," आक्का म्हणाल्या. "गोळ्या लागू पडंस्तोवर मी कुटंबी पडायची. मंग ह्यानं हे आणलं. मला घालून बाजारात जायाची लाज वाटायची, लोक हासायचे. मंग ह्यानं बी घातलं." त्यांनी भावाकडे पाहिलं. सर ओट्यावर बसून, हेल्मेट तसंच ठेवून, बशीतून चहा फुंकत होते. "आता लई वर्सं झाली, मी पडत न्हाई. पर ह्याचं काय अजून निघंना."