अक्का म्हंजे कोण?

आमच्या चुलत्यांना उचलायची वेळ झाली होती. बायका रडत होत्या, खांदेकरी पुढे झाले होते, आणि आमचे शेजारी महिपती तात्या चुलत्यांच्या तमिळ जावयाला बाजूला घेऊन विचारत होते, “पावणं, तुमच्याकडं अक्का म्हंजे कोण वो?”

“थोरली बहीण,” जावई कसाबसा म्हणाला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“ह्येबी बहीणच,” म्हणत तात्या हिरमुसून खांदा द्यायला गेले.

तात्या म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेला पैलवान गडी. लिंबू ठरावं अशी मिशी, आणि डोक्यात हा एकच शब्द. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून त्यांनी तेलुगू नर्सचा हात धरला आणि हेच विचारलं. नर्स किंचाळली. उत्तर तेच, बहीण.

फिनलंडहून माझ्या मुलाचा फोन आला, तर तात्यांनी माझ्या हातातला फोनच ओढून घेतला. मुलगा म्हणाला, तिकडे अक्का म्हणजे म्हातारी, तेही जरा हिणवून.

“हिणवून नगो,” तात्या एकदम खाली बसले. “तात्या, तुम्हाला हवंय तरी काय?” मी वैतागलोच. “बहिणीच्या वरचा अर्थ पायजे. कुठल्याबी भाषंतला चालंल.”

परवा बायकोची मैत्रीण चहाला आली. संस्कृत शिकवते. तात्यांनी तिलाही गाठलं. ती सहज म्हणाली, “संस्कृतात अक्का म्हणजे आई.”

“नक्की न्हवं?” तात्यांनी तीनतीनदा विचारलं आणि चहा तसाच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर धारेचं दूध घ्यायला गेलो. समोर तात्या, डोकं तुळतुळीत, आणि मिशी साफ. आमच्याकडे आईबाप गेल्यावरच मिशी उतरते. तात्यांचे तर कधीच गेलेले. मी किटली खाली ठेवली.

“तात्या, कोण गेलं?”

“अक्का.”

“अहो, तुमच्या बहिणीला जाऊन किती वर्षं झाली.”

“व्हय, गावाकडं नेसरीला. माझी आय बाळंतपणातच गेली. अक्कानंच वाढीवलं मला. ती गेली तवा न्हाव्याम्होरं बसलो, तर भावकीनं दंडाला धरून उठिवलं. म्हणाली, बहिणीसाठी कोण मिशी काढतंय?”

तात्यांनी उघड्या ओठावरून हात फिरवला.

“म्हंजे तवा मी बरोबरच बसलोतो की.”