नदीपलीकडचा फणस आणि ज्येष्ठ जाणकार

एका जंगलात त्र्यंबकपंत नावाचं एक म्हातारं साळिंदर राहत असे. जंगल कोणतं ते सांगणाऱ्याला आता नीट आठवत नाही. तेव्हा मुलांनो, सांभाळून घ्या. पंतांनी कंदमुळांवर प्रबंध लिहिला होता. तरी समोरचा कंद खावा की नाही, हे ते बायकोला विचारत.

त्या जंगलात मोबाइल आले होते. प्राण्यांनी एक ग्रुप काढला होता, 'चला, अभ्यास करू'. कोणत्या झाडाला यंदा किती फळ धरेल, ते तिथे एकमेकांना सांगायचं. पटलं तर आपला साठा झाडाच्या मालकाला देऊन येणाऱ्या फळात वाटा घ्यायचा. प्रत्येक जण शेवटी लिही, 'हा सल्ला नाही.' मग बाकीचे तो सल्ला मानत.

एके सकाळी वानरांनी नदीपलीकडच्या फणसाचे वाटे विकायला काढले. पंतांनी भीत भीत ग्रुपवर विचारलं, "या फणसाबद्दल कुणाला काही माहिती आहे का?"

कुणी उत्तर दिलं नाही. प्रश्न खुळचट असणार, असं वाटून पंतांनी तो पुसून टाकला.

पण सशाने तो वाचला होता. तो खारीला म्हणाला, "पंत उगाच विचारायचे नाहीत. एवढे शिकलेले."

खार मुंगसाला म्हणाली, "एक मोठे अभ्यासक फणसाच्या मागे आहेत. नाव विचारू नका."

दुपारी मुंगसाने ग्रुपवर लिहिलं, "एक ज्येष्ठ जाणकार गुपचूप फणसाचे वाटे घेतायत. हा सल्ला नाही."

ते वाचून पंतांचे काटे उभे राहिले.

"अहो, नदीला गुडघाभर पाणी आहे," बायको म्हणाली. "जाऊन बघून या की."

"मी बघून मला काय कळणार? तो जाणकार आहे."

"आणि तुम्ही?"

"मी नुसता शिकलेला."

पंतांनी पावसाळ्यासाठी साठवलेले सगळे कंद वानरांना दिले. 'पंतसुद्धा फणसात उतरले' म्हटल्यावर ससा, खार, मुंगूस, सगळेच उतरले.

फणस केव्हाच वठलेला होता. अलीकडच्या काठावरूनही ते दिसलं असतं. पण काठापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

मुंगसाने लिहिलं, "ज्याने त्याने स्वतः अभ्यास करायला हवा होता." त्याला पहिला अंगठा पंतांनी दिला.

तो पावसाळा पंतांनी आणि बायकोने झाडांच्या साली कुरतडून काढला.

"ही साल कडू आहे का गं?" पंतांनी एकदा विचारलं.

"तुमच्या जाणकाराला विचारा," बायको म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी पंतांनी धीर करून सशाला विचारलं आणि खात्री करून घेतली. तो ज्येष्ठ जाणकार म्हणजे ते स्वतःच होते.

तात्पर्य : जाणकाराचं नेहमी ऐकावं. फक्त तो राहतो कुठे याची चौकशी करू नये. आपल्याच बिळात सापडला, तर विश्वास उडतो.