चिऱ्यांच्या ट्रकावर द्वारकाबाई तांडेलीण यांची स्वारी

॥ श्री ॥ पायीं चालणाऱ्या सकळ जीवांचे रक्षण जी देवता करिते तिला दंडवत, आणि जे खाते करीत नाही त्यासही दूरून दंडवत घालोन, घडले तैसे लिहितों. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, समुद्रकांठच्या एका राज्यांत ऐसे वर्तले कीं, द्वारकाबाई तांडेलीण डोईवर मासळीची पाटी घेवोन घाटीचे वळणावरोन चालिल्या असतां, बाबलराव शिरसाट यांचा चिऱ्यांनी भरलेला ट्रक दौडत आला आणि बाईंचा उजवा पाय चिरडोन निघोन गेला. मग इस्पितळीं पाय गुडघ्याखालीं कापिला, आणि पोलिसांनी दफ्तरीं "अज्ञात वाहन" ऐसे लिहोन हात झटकिले. पाटी फिरली तरच चूल पेटे, ऐसा बाईंचे घरचा कारभार. आणि ट्रकाचे नांव सिद्ध जाहल्याविना भरपाई नाही. बाबलराव तो सांगत सुटले कीं आमचा ट्रक त्या दिवशीं अंगणांत उभा होता. त्यांनी तडजोडीस माणूस धाडिला, तेव्हां बाई खाटेवरोन गरजल्या, "ट्रकान पाय न्हेलो, आता तुमी तोंड पण न्हेतलास? जा, सांग तेका, कोर्टात भेटतंय!"

मग नलिनी वकिलीण यांस संगें घेवोन बाईंनी मोटार अपघाताचे न्यायसभेंत दावा लाविला, आणि कुबडी टेकीत साक्षीदार धुंडीत गांवभर फिरल्या. गांव सगळा मुका. कारण काय, तर अपघातामागोन आठा दिवसांनी बाबलरावांनी ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घातले होते आणि गांवास कोंबड्याचे जेवण दिले होते. त्या देशींचा रिवाज ऐसा कीं, गाऱ्हाणे घालणे तर गुरवाने मोठ्याने, खरे काय तेंच बोलावे, आणि जमलेल्यांनी दर वाक्यास "व्हय म्हाराजा" ऐसा रुकार द्यावा. देवापुढे लबाडी चालत नाही, कोर्टापुढे चालते, ऐसा बाबलरावांचा समज! म्हणोन देवळांत खरे वदविले आणि कोर्टांत खोटे लिहोन दिले. लोक बाईंस म्हणत, "आमी कायएक बघूक नाय गे." बाई उत्तर करीत, "बघूक नाय, पण व्हय म्हाराजा म्हटलास मा?" तेव्हां लोक माना खालीं घालीत. लाज वाटे त्यांस, आणि वाटावीच.

तारखांवर तारखा पडल्या, पावसाळे गेले, कुबडीचे रबर झिजले; बाई एकही तारीख चुकल्या नाहीत. शेवटीं तें गाऱ्हाणे घालणारे भिवा गुरव यांस समन्स गेले, आणि गाऱ्हाण्याचे काय होते ते ऐकावयास सगळा गांव कोर्टांत लोटला. ट्रकाचा विमा उतरविलेल्या कंपनीचे वकील हासोन म्हणाले, "देवळातली बडबड हा काय पुरावा?" न्यायाधीश बोलिले, "ट्रकमालकाने स्वतः वदवून घेतले असेल, तर ऐकावे लागेल. गुरव, काय म्हटले होते?" गुरवांनी मालकाकडे पाहिले, बाईंचे कुबडीकडे पाहिले, आणि म्हणाले, "साहेब, देवाफुडे घातलेला गाऱ्हाणा माका फिरवूक येवचा नाय." मग डोळे मिटोन, हात जोडोन, देवळांतल्याच सुरांत उठविले:

"बा देवा म्हाराजा!"

मागील बांकावरोन सगळा गांव गरजला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या ट्रकाखाली वळणावर तांडेलणीचो पाय गावलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोलिसांची नी कोर्टाची पिडा ह्येच्यावरसून टाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि ह्या वेळीं सर्वांत मोठा आवाज बाबलरावांचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणापासोनची संवय, तिला वकील काय करणार! डोळे उघडिले तों न्यायाधीश कारकुनास सांगत होते, "हेही लिहून घ्या."

मग निवाडा बाईंचे बाजूने जाहला आणि विमा कंपनीस भरपाई द्यावी लागली. लोक अभिनंदनास आले, तेव्हां बाई रडल्या आणि बोलिल्या, "पाय काय परत गावचो नाय." दुसरे महिन्यांत तीनचाकी गाडी आली, तीवर पाटी चढली, आणि पहिली हाळी बाईंनी शिरसाटांचेच दारीं दिली. शिरसाटीण बाहेर आल्या, आणि घासाघीस न करितां बांगडे घेतले.

येणेप्रमाणे ट्रकाची मोहीम समाप्त. पाय गेला, धंदा राहिला, आणि वळणावरोन आतां शिरसाटांचा ट्रक हळू जातो.